नाकाचे माप कशासाठी घ्यायचे?

बैठकीत आम्हाला झोप येते, हा आमच्या कार्यकर्त्या मित्रांमध्ये बरीच वर्षे थट्टेचा विषय होता. अहवालाचे वाचन सुरू झाले की आमची मान खाली जायची. एकदा तर एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने भर बैठकीत म्हटले, "ज्यांना स्वतःची झोप आवरत नाही, ते समाजाला काय जागे करणार?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी जाताना कामठी रोडवर सिग्नलला स्कूटर उभी असताना आमचे डोळे मिटले आणि मागच्या ट्रकच्या हॉर्नने उघडले. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. आम्ही रात्री आठ तास झोपत होतो. मग ही झोप जात होती कुठे?

डॉक्टरांकडे गेलो. रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. नंतर थायरॉईड तपासले. नंतर "ताण कमी करा" असा सल्ला मिळाला. आम्ही घोरतो का, हे एकाही डॉक्टरने विचारले नाही. घोरणे हा पुरुषांचा आजार, अशी समजूत दवाखान्यातही आहे. आणि बाई घोरते हे घरातले लोक बाहेर सांगत नाहीत, लाज वाटते.

उत्तर दिले ते आमच्या आईने. ती आमच्याच खोलीत झोपते. एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "तुया श्वास रातच्याला बंद पडते नं बाई. आकडे मोजत बसावं लागते मले." आम्ही रोज सकाळी अर्धा तास आनापान करतो. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतो. आणि रात्री तोच श्वास थांबतो, हे आम्हाला माहीत नव्हते. आईला माहीत होते आणि ती जागी राहत होती.

झोपेची तपासणी झाली. तासाला ३८ वेळा आमचा श्वास अडत होता. या आजाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि मेंदू माणसाला दचकवून उठवतो. सकाळी त्यातले काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला तर ती एक घटना मोजतात. तासाला ५ पर्यंत सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. म्हणजे आमचा आजार तीव्र होता आणि आळशी हे आमचे नाव मात्र खोटे होते.

उपचार म्हणजे सीपॅप यंत्र. हे यंत्र खोलीतलीच हवा ओढून, दाब देऊन, नळीतून मास्कमध्ये सोडते. त्या हवेच्या दाबाने घसा मिटत नाही. आम्ही भिशीचे पैसे उचलले, थोडे उसने घेतले आणि यंत्र आणले. विक्रेत्याने नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. "हाच सगळ्यांना चालतो," म्हणाला. आमचा चेहरा त्याने नीट पाहिलाही नाही.

पहिल्या रात्री हवा मास्कच्या वरच्या कडेने सुटून थेट डोळ्यांत गेली. आम्ही पट्टे आवळले. मग हवा गालाकडून शिट्टी वाजवत निघाली. आणखी आवळले. आठवडाभरात नाकाच्या वरच्या हाडावर जखम झाली. अंबाड्यामुळे मागचा पट्टा वर सरकायचा आणि रात्री दोन वाजता आम्ही मास्क ओढून फेकून द्यायचो. विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, "ताई, सवय करून घ्या. तुम्ही मनावरच घेतलेले नाही." मग फोटो पाहून ऑनलाइन दुसरा मास्क मागवला. तो लहान निघाला. एकदा तोंडाला लावलेला मास्क परत घेत नाहीत. साडेपाच हजार गेले. यंत्राच्या नोंदीत आमचा रोजचा वापर सरासरी १ तास १० मिनिटे दिसत होता. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कागदावर लिहिले, रुग्ण सहकार्य करत नाही. यंत्र कपाटात गेले आणि तीन महिने तिथेच राहिले.

मित्रांनो, "सवय करून घ्या" हे वाक्य आपल्या समाजाला नवीन नाही. गावकुसाबाहेर राहायची सवय करून घ्या. वेगळ्या कपाची सवय करून घ्या. वसतिगृहातल्या टोमण्यांची सवय करून घ्या. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही विल्यम रायन यांचे १९७१ मधले 'ब्लेमिंग द व्हिक्टिम' वाचले होते. व्यवस्थेचा दोष तिचे चटके सोसणाऱ्याच्या स्वभावात शोधायचा, ही रीत रायन यांनी त्यात उघडी पाडली आहे. मास्कचा त्रास आणि जातीचा अन्याय एका तराजूत घालावा, असे आम्ही म्हणत नाही. पण पळवाट तीच आहे. वस्तू माणसाला बसत नाही आणि दोष माणसावर येतो. वाईट याचे की तीन महिने आम्ही स्वतःही ते खरे मानले. आपल्यातच चिकाटी नाही, असे वाटत राहिले.

आईने पुन्हा हट्ट धरला. आम्ही एका सरकारी रुग्णालयाच्या निद्रा विभागात गेलो. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी कपाटातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढली. पट्टीला लहान-मोठ्या खाचा होत्या. ती आमच्या नाकाला लावून त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्हाला रुंद माप लागेल."

आम्ही क्षणभर अवघडलो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला नाक मोजणे म्हटले की हर्बर्ट रिस्ले आठवतो. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त नाकाची रुंदी भागिले उंची असा निर्देशांक काढायचा आणि जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत मांडायचा. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मापांचेच आकडे समोर ठेवून दाखवले की त्या मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. मोजमाप बाबासाहेबांनी नाकारले नाही. मोजमापातून काढलेला खोटा निष्कर्ष त्यांनी खोडून काढला.

त्या पट्टीने आमच्याबद्दल कोणताच निकाल दिला नाही. फक्त सांगितले की या नाकाला रुंद कुशनचा मास्क आणा. पुढच्या खेपेला आमचा भाऊ सोबत होता. त्याचे नाक मोजले तर मध्यम निघाले. एका आईची दोन मुले आणि दोन मापे. माणसाला खाली ढकलायला घेतलेले माप आणि माणसाला श्वास मिळावा म्हणून घेतलेले माप, यांतला फरक आम्हाला त्या टेबलापाशी कळला. आधीच्या विक्रेत्याने आम्हाला मोजलेच नव्हते. सगळ्यांना एकच मास्क देणे ही समता नव्हती. ती बेपर्वाई होती.

ताईंनी पुढे जे शिकवले, ते प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजे. मास्क उभ्याने किंवा बसून बसवायचा नाही. आडवे व्हायचे, यंत्र सुरू करायचे, झोपेत जितका दाब लागतो तितका दाब द्यायचा आणि मग पट्टे लावायचे, कारण आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो. मास्कच्या कुशनमध्ये हवा भरली की ती स्वतः त्वचेला चिकटते. पट्टे आवळले तर कुशन दबते आणि उलट जास्त गळते. आम्ही महिनाभर नेमके तेच करत होतो. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून हवा बाहेर येते ती गळती नसते. उच्छ्वास बाहेर जावा म्हणून ती वाट ठेवलेली असते. ती बुजवायची नाही.

मास्कचे मुख्य प्रकार तीन. फक्त नाक झाकणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा छोटा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तोंडासह झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकाच्या मास्कला पसंती द्या, असे सुचवतात. पण नाक चोंदलेले असेल तर आधी त्यावर इलाज हवा, आणि झोपेत तोंड उघडे राहत असेल तर मोठा मास्कही लागू शकतो. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबक असतात. शरीरात पेसमेकर किंवा धातूचे उपकरण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचे. आम्ही तीन मास्क प्रत्येकी पंधरा मिनिटे लावून पडून राहिलो. तिसरा, नाकाचा, रुंद मापाचा, बसला. अंबाडा सोडून सैल वेणी घातली, तेव्हा मागचा पट्टाही जागेवर राहिला.

घरी आल्यावर पहिला आठवडा मास्क दिवसा लावून वाचत बसायचो. वीस मिनिटे, मग अर्धा तास. मग रात्री. डिसेंबरच्या थंडीत नळीत पाणी जमून नाकावर थेंब पडू लागले. यंत्रातली ओलसर हवा थंड नळीत गेली की तिचे पाणी होते. आईने जुन्या सुती लुगड्याची खोळ शिवून नळीवर चढवली आणि पट्ट्यांखाली गालाला लागते तिथेही त्याच कापडाच्या पट्ट्या लावल्या. आता वापर साडेपाच ते सहा तासांवर आला आहे आणि तासाला ३८ च्या जागी ४ हा आकडा दिसतो. सगळे सुरळीत झाले असे नाही. गालावर वळ उठतात. मध्यरात्री वीज गेली की मास्क काढून बसावे लागते. पण बैठकीत आम्ही जागे असतो आणि आई रात्री झोपते.

इतिहास पाहिला तर मजेशीर गोष्ट दिसते. हा उपचार सिडनीतील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी शोधला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात पाच रुग्णांवरील प्रयोगाचा लेख प्रसिद्ध केला. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. सुरुवातीच्या काळात एकेका रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मास्क घडवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्यावर चिकटवत. म्हणजे या उपचाराचा आरंभच चेहऱ्याचे माप घेण्यापासून झाला. पुढे मास्क कारखान्यात तयार होऊ लागले आणि खोक्यात बंद होऊन विकले जाऊ लागले. माप घेणे मात्र दुकानात हरवले.

म्हणून आमचे म्हणणे असे. यंत्राचे पैसे देण्याआधी मास्क आडवे पडून, दाब लावून दाखवा असे ठामपणे सांगा. बसला नाही तर बदलून मिळेल का, हे कागदावर लिहून घ्या. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर डॉक्टरांना दाखवून घ्या, पण मास्क स्वतःचा आणि नवा हवा. सरकारी रुग्णालयात तपासणीची सोय आहे म्हणून समाधान मानू नका. वेगवेगळ्या मापांचे मास्क आणि ते बसवून देणारा शिकलेला माणूस तिथे आहे का, ते विचारा, नसेल तर निवेदन द्या. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. आपल्या वस्त्यांत रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आहेत, ऑटो आणि ट्रक चालवणारी मुले आहेत. त्यांच्या डुलकीची किंमत थट्टेत मोजता येत नाही.

आणि कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले तसे विक्रेत्याचे ऐकू नका, डॉक्टरांचेही आंधळेपणाने ऐकू नका आणि आमचेही नको. स्वतःच्या चेहऱ्यावर लावून पाहा.

गेल्या रविवारच्या बैठकीत मागच्या रांगेत एक तरुण भिंतीला टेकून झोपला होता. रात्री मालवाहू गाडी चालवतो. कोणीतरी हसले. बैठक संपल्यावर आम्ही त्याला बाजूला घेऊन विचारले, "दादा, घोरतोस का रे?" तो लाजला. मग हळूच म्हणाला, "बायको म्हणते, मधेच श्वास थांबतो." येत्या बुधवारी आम्ही त्याला निद्रा विभागात घेऊन जाणार आहोत.

जय भीम!