करूरच्या वाटेवरचीं रोमक नाणीं

आमचे वडीलबंधू कोइमतुरास एका गिरणीच्या हिशेबखात्यांत तीस वर्षें होते. घरांत त्यांस लहानथोर सारेच दादा म्हणत. दोन वर्षांपूर्वीं ते निवर्तले. त्यांच्या ट्रंकेंत एक पितळी पानाचा डबा निघाला. आंत फलाणीच्या चिंधींत गुंडाळलेलीं रुप्याचीं दोन नाणीं व एक वही. वहींत दादांच्या टपोऱ्या अक्षरांत एवढेंच होतें: ‘टायबेरियस, रु. ६०, सन १९६८. ऑगस्टस, रु. ४००, सन १९८१.’

घरांत तीन मतें पडलीं. पुतण्या म्हणाला, हल्लीं अशा नाण्यांस मोल चांगलें येतें, विकून टाकावीं. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या हातची वस्तु आहे, देव्हाऱ्यांत राहूं द्या. सूनबाई म्हणाली, “मामंजी, आधीं खरीं कीं खोटीं हें तर पाहून या.” हें तिसरें मत आम्हांस पटलें आणि गेल्या माघांत नाणीं बंडीच्या आंतल्या खिशांत घालून आम्ही दक्षिणेची गाडी धरली.

मनांत आणखी एक कारण होतें. मुलांकडून अमरकोश घोकवून घेतांना निष्काच्या शेजारीं येणारा ‘दीनार’ हा शब्द आम्ही शेंकडों वेळां उच्चारला असेल. हा शब्द मूळचा रोमकांचा, त्यांच्या ‘डेनारियस’ नामक नाण्याचा, हें मात्र आम्हांस फार उशिरां कळलें. गंमत अशी कीं रोमांत दीनार रुप्याचा. गुप्तांच्या शिलालेखांत तोच शब्द सोन्याच्या नाण्यास लागला. आयुष्यभर शब्द शिकविला, वस्तु पाहिली नव्हती.

मद्रास, म्हणजे आतांचें चेन्नई, येथील एग्मूरचें सरकारी संग्रहालय १८५१ सालचें. दक्षिणेंत सांपडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा सांठा त्याच्यापाशीं आहे. कोइमतुराजवळ वेल्लालूर येथें १८४२ सालीं पांचशेंहून अधिक रुप्याचे दीनार एका ठिकाणीं निघाले. नलगोंडा जिल्ह्यांतील अक्कनपल्ली येथें तर दीड हजारांवर. या दोन्ही ठेव्यांत बहुतेक नाणीं दोनच बादशहांचीं, ऑगस्टसचीं व त्याच्या मागून आलेल्या टायबेरियसचीं. तेव्हां ‘दुर्मिळ’ हा विक्रेत्यांच्या तोंडचा शब्द जपून घ्यावा. आपल्याकडे खरीं विरळ आहेत तीं नीरोच्या पुढचीं. नीरोनें इ. स. ६४ मध्यें दीनाराचें वजन उतरविलें; पूर्वीं एका रोमन रतलाचे चौऱ्याऐंशी दीनार होत, ते शहाण्णव होऊं लागले, आणि चांदींतही भेसळ वाढली. आमच्या व्यापाऱ्यांस जुन्या नाण्याचा भरंवसा होता, नव्याचा नव्हता, असें यावरून विद्वान् मानतात. प्लिनी नामक रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे कीं, सिंहलद्वीपाच्या राजानें कांहीं दीनार पाहिले. मुखवटे निरनिराळ्या राजांचे, पण वजन सर्वांचें सारखें. तेवढ्यावरून रोमक लोक सचोटीचे, असें त्यानें ठरविलें.

ऑगस्टसच्या नाण्याच्या मागील बाजूस दोन तरुण उभे आहेत, मध्यें ढाली व भाले. हे गायस व लूशियस, त्याच्या मुलीचे मुलगे. पुत्र नाहीं म्हणून आजोबांनीं दोघांसही दत्तक घेतलें आणि राज्याचे वारस म्हणून नाण्यावर छापलें. लूशियस इ. स. २ मध्यें गेला, गायस ४ मध्यें. दोघेही आजोबांच्या डोळ्यांदेखत. तीं नाणीं मात्र गलबतांत बसून मलबाराच्या मिऱ्यांसाठीं समुद्र ओलांडीतच राहिलीं.

चेन्नईस नाणकशास्त्राचे एक अभ्यासू गृहस्थ आम्हांस भेटले. त्यांनीं भिंग लाविलें, काट्यावर वजन केलें. दादांच्या ऑगस्टसवर त्यांनीं बराच वेळ नजर रोखली आणि नाणें आमच्या हातीं देऊन म्हणाले, “कडेवरून बोट फिरवा.” कडेस बारीक शिवण लागली. खरें नाणें ठशाखालीं हातोड्यानें उठवीत. हें सांच्यांत ओतलेलें. अक्षरेंही विरघळल्यासारखीं. चारशें रुपये म्हणजे त्या काळीं दादांच्या पगाराचा केवढा हिस्सा असेल! ज्या दुकानदारानें तें गळ्यांत बांधलें तो कोण, हें आतां कळावयाचें नाहीं.

टायबेरियस खरा निघाला. पुढें बादशहाचें मुख, मागें आसनस्थ स्त्री, हातीं राजदंड व फांदी. बादशहाच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव होता. पुदुकोट्टईस १८९८ सालीं सांपडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांतही बहुतेकांच्या मुखावर असे घाव आहेत. कशासाठीं घातले यावर एकमत नाहीं. आमच्या मतें सराफाच्या कसोटीहून त्यांत अधिक कांहीं असावें, नाहीं तर नेमका चेहराच कां हेरावा?

“कोठें मिळालें हें?” गृहस्थांनीं विचारलें. आम्हीं वही पुढें केली. त्यांनीं ती मिटून परत दिली. “ठिकाण असतें तर हें नाणें बोललें असतें,” एवढेंच ते म्हणाले.

तेथून आम्ही करूरास गेलों. हें चेरांचें प्राचीन नगर अमरावती नदीच्या कांठीं आहे. मलबाराच्या बंदरांतून पालघाटच्या खिंडींतून जी वाट पूर्वेस येई, ती कोइमतुरावरून इकडे उतरे. पडियूरचे वैडूर्यमणी, कोडुमणलचे मणिकार, सारे याच टापूंत. रुप्याचे ठेवे येथेंच इतके कां, हें नकाशापेक्षां त्या खिंडीकडून येणारा वारा अंगावर घेतला म्हणजे लवकर उमगतें. नदीला एका कडेनें बारीकशी धार होती, बाकी वाळूच वाळू. या वाळूंतून लोकांनीं चाळून काढलेलीं नाणीं संग्राहकांच्या हातीं गेलीं. ‘दिनमलर’ पत्राचे संपादक आर. कृष्णमूर्ती यांच्यासारख्यांनीं करूरच्या रोमन तांब्याच्या नाण्यांवर पुस्तक लिहून त्यांची ओळख तरी राखली. सर्वच संग्राहक लिहीत नाहींत.

आमच्या दादांनीं कां लिहिलें नाहीं, याचा उलगडा आम्हांस त्या वाळूंत उभें असतां झाला. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें दहा रुपयांवरची पुरलेली वस्तु सांपडली तर कलेक्टरास कळविली पाहिजे. म्हणून विकणारा ठिकाण सांगत नाहीं, विचारलें तर खोटें सांगतो. आणि घेणाराही फार विचारीत नाहीं. दादा हिशेबाचे इतके चोख, कीं पोस्टाच्या तिकिटाचीही नोंद ठेवीत. साठ रुपये लिहिले आणि गांव लिहिलें नाहीं, हें विसरण्यानें झालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ठेवा फुटला, मडकें गेलें, सोबतचीं नाणीं बहुधा मुशींत गेलीं. त्यांतलें एक आमच्या खिशांत होतें. वडील भावाविषयीं असें लिहितांना लेखणी अडखळते.

घरीं येऊन सर्व वृत्तान्त सांगितला. पुतण्या गप्प झाला. वहिनींनीं खोटा ऑगस्टस मागून घेऊन देव्हाऱ्यांत ठेविला, “त्यांनीं खरा म्हणूनच घेतला होता ना?” म्हणाल्या. टायबेरियस एखाद्या संग्रहालयास द्यावा असें ठरलें असून पत्रव्यवहार चालू आहे. सोबत द्यावयाची चिठी सूनबाईनें लिहावयास घेतली. वजन, चित्र, घाव, १९६८, सारें लिहून झालें. ‘प्राप्तिस्थान’ या शब्दापुढें तिनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं तिला ‘बहुधा कोइमतूर’ असें सांगणार होतों. मग म्हटलें, “अज्ञात, असेंच लिही.”