काट्याचीही तहकीक करा

जुन्या विलीज जीपच्या डॅशबोर्डवर मोजकेच मीटर: पेट्रोल, पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि बॅटरीचे चार्जिंग. महिंद्राने मुंबईत या जीप जोडायला घेतल्या. 1945 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. ही गोष्ट मोबाइलवर आली तर अनेकांना थाप वाटेल, पण तपासली की खरी निघते. तपासायचे कसे, हे या जीपचे मीटर चांगले शिकवतात.

काटा स्वतः काहीच पाहत नाही. टाकीतला फ्लोट पेट्रोलबरोबर वरखाली होतो, त्याने विजेचा अडथळा बदलतो, वायर ती खबर आणते आणि काटा हलतो. फ्लोटला भोक पडले की तो बुडतो. मग टाकी भरलेली असली तरी काटा ‘रिकामी’ सांगतो. म्हणून आधी टाकीत किती पेट्रोल आहे ते पाहावे, मग अर्थिंग, मग वायर. मीटर सगळ्यात शेवटी बदलावा. टाकीजवळ ठिणगी पडणार नाही, एवढे मात्र सांभाळावे.

विजेवर चालणारा तापमानाचा काटा हलतच नसेल तर चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढावी आणि क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवावी. काटा ‘गरम’कडे धावला तर मीटर व वायर ठीक, दोष सेन्सरचा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तरी अर्थिंग तुटते.

कधी पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकदमच चुकतात. नवखा माणूस दोन्ही मीटर बदलायला निघतो. जाणता वायरमन आधी दोघांना वीज पुरवणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर तपासतो. दोन काटे म्हणजे दोन गवाह नव्हेत. दोघांची खबर एकाच ठिकाणाहून येते.

वर्गात मुले विचारतात, “सर, दहा ग्रुपवर आलंय, मग खोटं कसं असेल?” त्याचे उत्तर हेच. एकच मेसेज दहा वेळा आला तरी साक्ष एकच. आपल्याकडे अशा एका मेसेजवर दुकाने फुटली आहेत, शेजारी शेजाऱ्याला परका झाला आहे. सूरह हुजुरातची सहावी आयत खबरीची शहानिशा करायला सांगते, ती नकळत कुणाचे नुकसान होऊ नये म्हणूनच. ही जबाबदारी आपल्या विरोधातल्या मेसेजपुरती नाही; आपल्याला आवडणाऱ्या मेसेजलाही ती लागू आहे.

मात्र शहानिशा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ऑइलच्या दाबाचा काटा शून्यावर आला तर ‘मीटरच खराब असेल’ म्हणत गाडी हाकू नये. आधी इंजिन बंद करावे, ऑइल पाहावे, मग दुसरा, थेट दाब मोजणारा मीटर लावून खात्री करावी. गप्प काट्यावरही फार विसंबू नये. रेडिएटरचे पाणी इतके उतरले की सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन तापत असतानाही काटा थंडच दाखवू शकतो.

भीतीची खबर असो वा दिलाशाची, गाडी थांबवून बॉनेट उघडायला पाच मिनिटे लागतात. मेसेज पुढे पाठवण्याआधी तेवढी पाच मिनिटे द्यायला काय हरकत आहे?