रात्रीची हाक

मांजराचे ‘म्यांव’ हे बहुतांशी माणसासाठी राखून ठेवलेले असते. पिलू आईला तशी हाक मारते. पण मोठी झालेली मांजरे आपसांत सहसा तसे बोलत नाहीत. आमची मनी सोळा वर्षांची आहे आणि रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात उभी राहून टाहो फोडते. ओरडताच दूध पुढे केले की ओरडण्याचीच सवय जडते. म्हणून मी तिला निजण्यापूर्वी खेळवतो आणि मग पोटभर खाऊ घालतो. तरण्या मांजराचे एवढ्याने भागते. म्हातारपणचे रडणे निराळे. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. थायरॉइडचा विकार नव्हता. कान मात्र गेले होते. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो चढतो. आता मी रात्रभर एक मिणमिणता दिवा ठेवतो. तरी हाक येतेच. ‘आले ग’ म्हणून उपयोग नाही. मी उठतो, तिला हादरा कळावा म्हणून पाय जरा जोराने टाकीत जातो आणि तिच्या पाठीवर हात ठेवतो. शेजारी म्हणतात, “किती हे लाड!” लाड कसले? सोळा वर्षे जी माझ्याशीच बोलत आली, तिच्यापुढे आता झोपेचे सोंग कसे घ्यावे?