थंड पाण्याचा चारा

मार्गशीर्ष लागला की सिलतऱ्याच्या आसपासच्या तलावांवरून बहुतेकांचे गळ घरी जातात. थंडीत मासा खात नाही, असा समज. मला मात्र गळाची खरी गोडी याच दिवसांत वाटते. पावसाळा संपताना, भरल्या कोमट पाण्यात, कुठलाही चारा चालून जातो. थंड पाण्यात तो निवडावा लागतो.

सिलतरा म्हणजे रायपूर-बिलासपूर रस्त्यावरची औद्योगिक वसाहत. स्पंज आयर्नच्या भट्ट्या, वीजनिर्मितीचे संच, रात्रंदिवस ट्रक. पण वसाहतीच्या कुंपणापलीकडे धरसींवा भागातली गावे आहेत, आणि छत्तीसगडी गाव म्हटले की तलाव आलाच. पश्चिमेकडून खारून वाहते आणि पुढे सोमनाथला शिवनाथेत मिळते. मी भंडाऱ्याकडचा, माजी मालगुजारी तलावांच्या मुलखातला, त्यामुळे नोकरीसाठी इथे आलो तरी पाण्याकाठी मला परके वाटले नाही. इथले लोक गळ टाकण्याला ‘गरी खेलना’ म्हणतात. तलाव बहुधा पंचायतीने मच्छीमारांच्या समितीला ठेक्याने दिलेला असतो. आधी विचारायचे, मगच बसायचे.

डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा दहा-तेरा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा सत्तावीसच्या आसपास जातो. पाणी इतके चंचल नसते. ते सावकाश निवते, सावकाश तापते. रोहू, कतला, मृगळ हे साधारण २५ ते ३२ अंशांच्या पाण्यात रमणारे मासे. पाणी विसाच्या खाली गेले की त्यांची भूक मंदावते. या कुळातल्या माशांना जठर नसते. गिळलेले थेट आतड्यात जाते आणि थंडीत तिथे ते रेंगाळते. मी ज्या भट्टीवर काम करतो तिथेही हेच आहे : आतले तापमान घसरले की खनिजाचा फीड कमी करायचा, नाहीतर माल कच्चा राहतो. मत्स्यपालन करणारे शेतकरी हिवाळ्यात खाद्याचे प्रमाण घटवतात ते याचसाठी. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. गळ टाकणाऱ्याने पहिला धडा त्यांच्याकडून घ्यावा. एका म्हाताऱ्या केवट ककांनी मला तो एका वाक्यात दिला होता : “पानी जुड़ागे, चारा नानकुन कर.” पाणी गारठले, चारा बारीक कर.

बारीक म्हणजे किती? आश्विनात मी सुपारीएवढा गोळा लावतो, पौषात तुरीच्या दाण्याएवढा. पाण्यात आधी टाकायचा भुरका चाराही मूठभरच. मासे जमवण्यासाठी डबाभर पेंड ओतणारे लोक दिसतात तेव्हा मला वाईट वाटते. जो मासा दिवसाकाठी चार घास खाणार, त्याचे चारही घास त्यांनी आधीच तळाशी पसरून ठेवलेले असतात.

चारा कशाचा, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समसमान, हे आपल्याकडच्या मत्स्यपालनातले जुने खाद्य. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या इंजेक्शनाने या माशांचे प्रजनन यशस्वी केले, त्यानंतर रोहू-कतल्याचे बीज गावोगावच्या तलावांत पोचले. अशा तलावातला रोहू कोंड्यावर आणि पेंडीवरच वाढलेला असतो. तेव्हा पेंड त्याला आवडतेच. पण पेंडीतले तेल गार पाण्यात घट्ट होते, गोळ्यातून लवकर सुटत नाही, आणि माशापर्यंत वास पोचतच नाही. हिवाळ्यात पाण्यात सहज विरघळणारे काहीतरी हवे. ते छत्तीसगडच्या प्रत्येक घरात असते : बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवला की सकाळपर्यंत आंबूस होतो. त्यातले पाणी निथळून घ्यायचे, शिते बोटांनी चेचायची, चाळलेला कोंडा आणि थोडे सत्तू घालून मऊ मळायचे. आंबताना तयार झालेली आम्ले पाण्यात झटकन पसरतात. गोळा इतका सैल ठेवायचा की पाच-सात मिनिटांत सुटू लागावा. दुकानात मिळणाऱ्या उग्र अर्कांच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. एकांगीची किंवा भाजलेल्या मेथीची चिमूट पुरते, आणि तीही नसली तरी चालते.

पावसाळ्यातला गाळ आता खाली बसलेला असतो, पाणी नितळ होते, म्हणून तंगूसही बारीक लागतो. पावसाळ्यात ०.३० मिलिमीटरचा वापरत असाल तर आता ०.२० चा लावा. गळ सहा नंबरऐवजी दहा किंवा बारा. फ्लोट मोराच्या पिसाच्या देठाचा असावा आणि शिसे असे जुळवावे की पाण्यावर फक्त टोक राहील. मृगळ तळाचा चारा उचलतो तेव्हा शेवटचे शिसे वर येते आणि फ्लोट बुडण्याऐवजी केसभर उंच होतो. मासा लागल्याचा हिवाळ्यातला इशारा बहुतेक वेळा एवढाच. जाड फ्लोटवर तो कळणारच नाही. कतल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरणारा. त्याच्यासाठी चारा तळापासून बराच वर टांगावा लागतो. आणि काहीच लागत नसेल तेव्हा सिप्रनसाठी गांडुळाचा तुकडा. तो परदेशातून आलेला, थंडी सोसणारा मासा. बाकीचे गप्प असतात तेव्हाही तो तळ उकरत असतो.

चारा कितीही नेमका असला तरी तो माशाजवळ पडायला हवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो. रायपूरच्या अक्षांशावर डिसेंबरातल्या भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी लांब पडते. तलावाच्या दक्षिण काठावर आंबा-पिंपळाची रांग असेल तर तिकडचे पाणी दिवसभर गारच राहते, आणि उत्तर काठाची उथळ पट्टी ऊन खाते. पहाटे हीच पट्टी सगळ्यात थंड असते. म्हणून पहाटेची हौस सोडून मी अकरानंतर जातो, उत्तर काठावर बसतो, चार वाजता उठतो.

अमेरिकेत बास नावाच्या शिकारी माशासाठी थंडीत कोणता ल्यूर, म्हणजे खोटा चारा, लावावा यावर फार बारकाईने विचार झाला आहे. पाण्यात अधांतरी थांबणारा ल्यूर हलकेच झटकायचा आणि मग बराच वेळ तसाच सोडायचा, ही त्यांची रीत. आपला शिकारी मासा मरळ. इकडच्या पाण्यात तिची भाऊबंद खोकसीही सापडते. मरळीला हवेतला श्वास घ्यावाच लागतो. पाणी थंड झाले की तिची प्राणवायूची गरज घटते, ती वर कमी येते आणि पाणवनस्पतींच्या बुडाशी पडून राहते. धावत्या चमच्यामागे ती निघत नाही. मी रबराचा लहान मऊ बेडूक लावतो, वनस्पतींच्या कडेला टाकतो, वीतभर ओढतो आणि थांबतो. थांबण्याचा वेळ ओढण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. जिवंत बेडूक लावणे मला मान्य नाही.

थंडीतच मरळीच्या अंगावर लाल चट्टे आणि खोल जखमा दिसू लागतात. हा रोग १९८८ मध्ये भारतात आला, तो बुरशीसारख्या एका जीवामुळे होतो, आणि पाणी निवले की बळावतो. अशी मरळ दिसली तर त्या तलावात मी पुन्हा ल्यूर टाकत नाही. समितीच्या माणसांना सांगतो, आणि गळ, दोर, पिशवी, चपला सगळे कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तलावावर नेत नाही.