देसूरची पॅसेंजर

अनगोळच्या चौथ्या रेल्वे गेटावर स्कूटर थांबवून मी पॅसेंजरला किती शिव्या घातल्या असतील! तीच गाडी पुढे देसूरला थांबते, हे मात्र विसरायचो. बेळगावहून खानापूरकडे जाताना लागणारे हे पहिले छोटे स्टेशन. एकदा तिथून येणारी माझी विद्यार्थिनी तासाला आली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "सर, सकाळची गाडी चुकली." मी गप्प.

जपानमध्ये होक्काइडो बेटावर क्यू-शिराताकी नावाचे इवलेसे लाकडी स्टेशन होते. शेवटी तिथली नियमित प्रवासी उरली एकच शाळकरी मुलगी. मार्च २०१६ मध्ये तिची शाळा संपली आणि स्टेशनही बंद झाले.

आता गेट पडले की मी निमूट इंजिन बंद करतो. गाडीत आपल्याच घरची पोरे असतात, मराठी बोलणारी अन् कन्नड बोलणारीही.