खरं, विचारायचं कुणाला?

बेळगावातल्या अनगोळच्या मुलाला ‘हक्क’ हा शब्द शिकवावा लागत नाही. घरात, गल्लीत, गणपतीच्या मंडपात तो ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. मराठीचा हक्क, मराठी परिपत्रकाचा हक्क, पाटीवरच्या अक्षरांचा हक्क. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात, दुसरीकडे मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी निघते, आणि दोन्हींचा आवाज कानात घेऊन पोर दुसऱ्या दिवशी बाकावर येऊन बसते. पुण्या-मुंबईची मित्रमंडळी म्हणतात, मग तुमच्याकडे मानवी हक्क शिकवणे किती सोपे! सोपे मुळीच नाही. इथे हक्क म्हणजे मोर्चाचा, मोठ्या माणसांचा, आणि कायम दुसऱ्या कुणीतरी हिरावून घेतलेला. तळहातावर बसलेली छडी, ताटातले अंडे, शेजारच्या मुलाला जातीवरून मारलेली हाक, यांचे त्या शब्दाशी काही नाते आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

मी पेशाने वकील, दिवाणी दावे चालवणारी. कोर्टात एक सवय लागते. अशील कितीही तळमळून बोलला तरी आधी विचारायचे, दावा कुणावर? प्रतिवादीच नसेल तर दावा उभाच राहत नाही. शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना मानवी हक्क शिकवणारा आमचा जो स्वयंसेवकांचा गट आहे, त्याचे सगळे काम या एका सवयीवर चालते. गटात कायद्याचे विद्यार्थी आहेत, निवृत्त पोस्टमास्तर आहेत, एक परिचारिका आहे, निपाणीच्या विडी कामगारांच्या युनियनमध्ये उभे आयुष्य घालवलेली एक बाई आहे. अनगोळ, वडगाव, शहापूर आणि निपाणीकडच्या काही मराठी शाळा, एवढाच आमचा मुलूख.

हे काम देशात नवे नाही. मदुराईच्या ‘पीपल्स वॉच’ने १९९७ पासून तामिळनाडूच्या शाळांत मानवी हक्कांचे तास सुरू केले, पुढे ते कर्नाटकासह बऱ्याच राज्यांत गेले. तिथे सहावी ते आठवी असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम शाळेचेच प्रशिक्षित शिक्षक घेत. मोनिषा बजाज यांनी या प्रयोगावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. मुंबईत आवेही-अबॅकसने ‘संगती’ हा संच महापालिकेच्या शाळांत नेला. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचे ‘मूल्यवर्धन’ २००९ मध्ये बीड जिल्ह्यातून निघाले. या सगळ्यांनी शिक्षकाला हाताशी धरले, आणि माझे मत विचाराल तर तोच खरा रस्ता. बाहेरून येणारा स्वयंसेवक आठवड्यातून एक तास येतो आणि निघून जातो. वर्ग शिक्षकाचा असतो. तरी आम्ही जातो, कारण सीमाभागातल्या मराठी माध्यमात या विषयाचे साहित्य कुणी आणून देत नाही.

शाळेत पाय ठेवला की मुख्याध्यापकांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘तुम्ही कुठल्या पक्षाचे?’ बेळगावात हा प्रश्न विचारणाऱ्याला मी दोष देत नाही. दुसरा, ‘हक्कांबरोबर कर्तव्येही सांगाल ना?’ सांगू की! १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेली कर्तव्ये आमच्या साहित्यात आहेत. पण त्याआधी शाळेची कर्तव्ये येतात, कारण मुलाचा हक्क आहे म्हटल्याबरोबर कुणाच्या तरी डोक्यावर कर्तव्य बसते, आणि ते डोके बहुतेक वेळा मोठ्या माणसाचे असते.

राज्यघटनेचा सरनामा आता मुलांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत तो वाचायला लागले, कर्नाटकाने १५ सप्टेंबर २०२३ ला राज्यभर सामूहिक वाचन केले. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही. पाढे पाठ असले तर हिशेब लवकर होतो. पण पहिल्या वर्षी एका शाळेत सरनामा घडाघडा म्हणून दाखवल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘व्हय टीचर, खरं विचारायचं कुणाला?’ (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.) आमचा अभ्यासक्रम आम्ही त्यानंतर पुन्हा लिहायला घेतला आणि प्रत्येक तासाला तोच प्रश्न लावला.

मुलांबरोबर सुरुवात जेवणापासून करतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला हुकूम दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेले अन्न द्या. कर्नाटकात त्याला अक्षर दासोह म्हणतात. अंडे, आणि न खाणाऱ्याला केळे किंवा चिक्की, हे त्यात पुढे आले. फळ्यावर लिहायचे: अंडे मिळाले नाही, तर उत्तर कोण देणार? मुले आधी स्वयंपाकाच्या मावशींवर येतात. मग मावशींना अंडी कोण देते, पैसे कुठून येतात, हिशेब कोण लिहिते, अशी वर चढत जातात: मुख्याध्यापक, एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती), बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस. तासाच्या शेवटी मावशी बहुधा निर्दोष सुटतात. एवढ्याशा पोरांना कळते की आपण ज्याच्यावर चिडतो तो आणि ज्याला उत्तर द्यायला हवे तो, हे नेहमी एकच नसतात.

छडीच्या तासाला मात्र घाम फुटतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. हे मुलांना सांगायचे, आणि तेही वर्गशिक्षक मागे उभे असताना! पूर्वीच्या काही गटांनी शिक्षकांना बाहेर पाठवून हा तास घेतल्याचे मी ऐकले आहे. मला ते पटत नाही. शिक्षक बाहेर गेले तर मुलाच्या हातात फक्त गुपित उरते, आणि आम्ही गेल्यावर ते गुपित त्यालाच महागात पडते. म्हणून आमचा पहिला तास मुलांचा नसतो, तो शिक्षकांच्या खोलीत असतो. तिथे आम्ही शिक्षकांना त्यांच्याच हक्कांबद्दल विचारतो. मग बांध फुटतो: निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, रिक्त जागा, एका शिक्षकावर दोन वर्ग. ‘आम्हीही मार खाऊनच शिकलो’ हे वाक्य येतेच. पण चाळीस मिनिटे आपले ऐकून घेतले गेले की पुढच्या तासाला तेच शिक्षक मुलांचे ऐकायला थांबतात. सगळे नाही. काही जण घड्याळ बघतात, आणि एका शाळेने आम्हाला पुन्हा बोलावले नाही.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जो जाहीरनामा केला त्यात या शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत. हक्कांची माहिती द्यायची, हक्क पाळत शिकवायचे, आणि हक्क वापरण्यासाठी तयार करायचे. मधली बाजू सगळे विसरतात. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करून बसवलेल्या वर्गाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य सांगणारे स्वयंसेवक मी पाहिले आहेत. त्यात आमचेही होते.

निपाणीकडे गेलो की फळ्यावर काही लिहायच्या आधीच वर्ग बोलू लागतो. तिथे आजी तंबाखूच्या वखारीत, आई घरात विड्या वळते, असे घर अजून सापडते. प्रा. सुभाष जोशींनी या बायकांना संघटित केले. युगांतर या गटासाठी दीपा धनराज यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. त्याच्या वर्षभर आधी, १९८१ मध्ये, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. मुलांना हे आजोबांकडून कळलेले असते. पण घरी विड्यांचे बंडल बांधायला बसवतात हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण त्याचे उत्तर आईकडे जाते. विडी वळणे हे १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या बंदीच्या यादीत आहे. ते सांगून मुलाला आईविरुद्ध उभे करायचे का? आमची युनियनवाली बाई यावर छान तोडगा काढते. ती मुलांना हजार विड्यांची मजुरी, त्यात ‘खराब’ म्हणून बाजूला काढलेल्या विड्या आणि घरातल्या माणसांचे तास असा हिशेब मांडायला लावते. हिशेब संपेपर्यंत बोट आईवरून सरकून पान-तंबाखू देणाऱ्या कंत्राटदाराकडे गेलेले असते. हे गणित मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते.

सगळ्यात अवघड तास भाषेचा. तो आम्ही शेवटी ठेवतो, आणि खरे तर त्याच्यासाठीच बाकीचे तास.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेले हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली हे मोठ्यांनाही ठाऊक नसते. तिने घटनेत ३५० क आणि ३५० ख घातले, इंग्रजी प्रतीत त्यांना ए आणि बी लावलेले आहे. पहिले सांगते की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा. दुसरे त्यावर देखरेख करणारा विशेष अधिकारी नेमते, आणि त्याच्या आयुक्तालयाचे एक विभागीय कार्यालय अनेक वर्षे बेळगावातच होते. ज्या दिवशी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या, त्याच दिवशी सीमेच्या चुकीच्या बाजूला राहिलेल्यांची तरतूद केली गेली. ती पुरली की नाही यावर भांडायला जागा आहे. पण मुलांना आधी ती आहे हे कळले पाहिजे.

या तासाला आम्ही वर्गाला एक प्रकरण देतो. सीमेवरचे गाव, प्राथमिक शाळा, मुलांच्या मातृभाषेतून शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा रिकामी, पाठवला तो त्या भाषेतला नाही, पुस्तके उशिरा. गावाचे नाव दिलेले नसते. गट करून निवेदन लिहायचे. मुले तुटून पडतात! भाषा धारदार, कलमे बिनचूक, शेवटी ‘अन्यथा आंदोलन’ हेही न चुकता. मग आम्ही सांगतो की गाव सांगलीच्या जत तालुक्यातले आहे, शाळा कन्नड आहे आणि निवेदन महाराष्ट्राकडे जायचे आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागात कन्नड शाळा आहेत हेच बहुतेकांना नवीन असते.

पुढे काय होते ते वर्गागणिक बदलते. कुणी हसतात. कुणी फसवल्यासारखे बघतात. एक मुलगा ठामपणे म्हणाला, ‘त्यांचं येगळं हाय की.’ आमच्यातला एक उत्साही विद्यार्थी त्याला समजवायला पुढे झाला, त्याला मी थांबवले. एवढेच विचारले, ‘निवेदनातली कुठली ओळ खोडायची ते सांग.’ त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, ‘आंदोलनाची.’ ती खोडू दिली. बाकीच्या ओळी निवेदनात राहिल्या.

मोठ्यांसाठी या तासाला एक पुरवणी लागते. ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले की मातृभाषेतूनच शिका अशी सक्ती राज्याला करता येणार नाही. माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकाला आणि मुलाला आहे. सक्तीविरुद्धचा निकाल म्हणून तो मला मान्य आहे. पण त्याची दुसरी बाजू अनगोळच्या गल्लीत दिसते. सायकल फेरीत पुढे असणाऱ्या घरातली पोरे इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात, आणि मराठी शाळेतला पट घसरला की जागा भरायला सरकार नाखूश होते. पालक सभेत मी हे काढते तेव्हा ‘कोण उत्तर देणार’ या रकान्यात काय लिहायचे यावर बराच गोंधळ होतो. तो व्हायला हवा असे मला वाटते.

स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाबद्दल एकच सांगते, कारण नवे गट इथेच घसरतात. हक्कांचा तास नीट झाला की एखादे मूल कधीतरी जवळ येऊन काहीतरी सांगते. ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन त्याला कधीही द्यायचे नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन आता सरकारी यंत्रणा चालवते, तो क्रमांक पाठ असावा. एकट्याने वर्गात जायचे नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत. ज्यांना फोटोशिवाय काम केल्यासारखे वाटत नाही त्यांना आम्ही दुसरे काम सुचवतो.

येत्या सत्रात वडगावकडच्या एका कन्नड शाळेने आम्हाला बोलावले आहे. तिथली बरीच मुले विणकरांच्या घरातली. साहित्य सारे मराठीत, त्यामुळे उतरवून घेण्याचे काम सुरू आहे. कन्नड बोलणारे दोघे तयार झाले आहेत, तिसरा हवा आहे. भाषेच्या तासातले प्रकरण त्या वर्गासाठी बदलावे लागणार. जतच्या जागी कुठले गाव ठेवायचे यावर गटात अजून एकमत नाही. मी अनगोळ म्हणते आहे.