धुऊन घेतलेली जमीन

लंडनला आम्ही गेलो होतो नात्यातल्या लग्नासाठी. मुक्काम ईस्ट हॅमला आपांकडे होता. लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. मुलांनी ‘ऑलिम्पिकचे मैदान’ पाहायचा हट्ट धरला, तेव्हा आपांनाच बरोबर घेऊन आम्ही स्ट्रॅटफर्डची बस धरली.

स्टेशनाजवळ उतरून एका भल्यामोठ्या मॉलमधून बाहेर पडलो, तो समोर हिरवळ, कालवे आणि त्यापलीकडे स्टेडियम! आपा म्हणाल्या, “आम्ही इथे राहायला आलो तेव्हा या बाजूला कुणी फिरकत नसे. जुने कारखाने, भंगाराचे ढीग, टाकून दिलेल्या फ्रिजचा डोंगर.” २००५ साली लंडनला ऑलिम्पिकचा मान मिळाला आणि ही जागा निवडली गेली. दोनशेहून अधिक इमारती पाडल्या, विजेचे ५२ मनोरे काढून तारा जमिनीखाली नेल्या. शंभर-दीडशे वर्षांच्या कारखान्यांनी माती तेल आणि रसायनांनी नासवली होती. ती खणून, चाळून, यंत्रांत धुऊन पुन्हा इथेच पसरली. त्या जागेला कामगार ‘मातीचे इस्पितळ’ म्हणत. हे ऐकून आमची धाकटी म्हणाली, “म्हणजे जमिनीला आंघोळ घातली!”

पोहण्याच्या तलावाचे लाटेसारखे छप्पर बगदादमध्ये जन्मलेल्या झाहा हदीद यांनी रेखाटले. शेजारचा ११४ मीटर उंच लाल मनोरा ज्यांच्या कल्पनेतून उभा राहिला, त्यांपैकी अनिश कपूर जन्माने मुंबईकर. हे कळल्यावर मुलांची मान उगाचच ताठ झाली.

स्टेडियमसमोर आपा थांबल्या. २०१२ च्या स्पर्धा रमजानमध्येच आल्या होत्या. ४ ऑगस्टच्या रात्री सव्वानऊला दहा हजार मीटरची शर्यत सुटली, तेव्हा इफ्तार होऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. जन्माने सोमाली असलेला आणि लहानपणी इथे आलेला मो फराह पहिला आला. “दस्तरखान तसाच पडला होता,” आपा सांगत होत्या, “आणि आमची अख्खी गल्ली ओरडत होती.”

पण याच जमिनीवर क्लेज लेन नावाची वसाहतही होती. स्वस्त भाड्याची, बहुतेक एकट्यादुकट्यांची. तिथल्या चारशेहून अधिक रहिवाशांना २००७ मध्ये घरे सोडावी लागली. ती कुठे होती, असे विचारल्यावर आपांनी उत्तरेकडे हात केला. आम्ही फिरलो तेवढ्या भागात तिच्या नावाची पाटी काही दिसली नाही. खेळाडूंसाठी बांधलेल्या घरांपैकी सुमारे निम्मी पुढे परवडणाऱ्या दराची म्हणून ठेवली गेली. तरी आपांच्या मुलाला इथे घर जमले नाही. तो आता दीड तासावर राहतो.

आम्ही थोडे गप्प झालो. गिरणगावातल्या गिरण्यांच्या जागी टॉवर उठताना पाहिलेली माणसे आम्ही. जमीन स्वच्छ झाली की तिचा भाव वाढतो आणि जुना शेजारी दूर जातो, हे आम्हांला नवे नव्हते.

मग तलावाच्या काचेपाशी गेलो. स्पर्धेच्या वेळी इथे साडेसतरा हजार खुर्च्या होत्या. नंतर दोन्ही बाजूंचे सज्जे काढून अडीच हजार ठेवल्या आणि २०१४ मध्ये तलाव सर्वांसाठी खुला केला. प्रवेशाचा दर आसपासच्या साध्या तलावांइतकाच ठेवला. आत शाळेची मुले रांगेने पाण्यात उतरत होती. काळी, गोरी, सावळी. अंगभर पोशाख घातलेली एक मुलगी काठ धरून पाय मारत होती. शिक्षिकेने खूण करताच तिने काठ सोडला.

“माझी नात इथेच शिकली,” आपा म्हणाल्या. “अजून येते. दीड तास लागतो, पण येते.”

परतताना धाकटीने पोहण्याच्या क्लासचा विषय काढला. घरी गेल्यावर पहिली चौकशी त्याचीच करायची, असे बसमध्येच ठरले.